खमिराची पावडर

मूर्तिजापूरच्या बसस्थानकावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या भावनाताईंच्या बाकावरच एक बाप आणि त्याची लेक बसले होते. सुट्टी संपवून लेक अकोल्याला निघाली होती; तिथे ती जनावरांच्या डॉक्टरकीला होती.

“बाबा, ही खमिराची पावडर. बैलाच्या सरकीच्या ढेपीत दोन चमचे मिसळजा, रोज सकाळी.”

“खमिरानं पाव फुगते ना? माहा बैल तं नाही फुगन?”

“नाही, बाबा. पोटातल्या चांगल्या जंतूंले जोर येते, चारा पचते. आजारातून उठला ना थो, भूक लागन त्याले.”

“अन् नाही खाल्लं तं?”

“फोन करजा.”

“खाल्लं तं?”

“तरी करजा. तुमी काय खाल्लं थेही सांगजा.”

“एकट्यासाठी काय रांधू, पायल? पन खातो मी.”

“पंधरा दिवसांनी पुडी संपन, मंग पावडर बंद.”

गाडी लागली. भावनाताईंनी तिला खिडकीची जागा दिली. बाप खिडकीखाली येऊन उभा राहिला.

“पायल, पंधरा दिवसांनी मंग फोन कशाचा करू?”

गाडी हलल्यावर तिने डोकं बाहेर काढलं.

“बाबा, अजून एक पुडी घेऊन ठेवजा!”