अपुरी वार

ऐका गं बायांनो! आणि तू रे सदू, नाक मुरडू नकोस. तूसुद्धा आईच्या पोटात वारेच्याच गोळ्याच्या जिवावर नऊ महिने पोसलास!

तर म्हाळबा. अंगानं पैलवान, पण शेंबडं पोर दिसलं तरी उमासे यायचे. त्याची बायको अनसा दिवेलागणीला बाळंत झाली. पोरगी झाली. मागनं वार पडली. ठकू सुईण म्हणाली, "थांब, कंदिलाशी बघू दे. सगळी आली का बघते, मग पूर."

थांबतोय कुठला! तो लिबलिबीत काळा-तांबडा गोळा, तो वास... शी! "असली घाण दाराशी नको," म्हणाला, वारेचं मडकं उचललं नि निघाला पुरायला अंधारात. तेही कुठनं? शेवरीच्या पाणंदीनं, जिथनं रात्री कुणी जात नाही!

पाणंदीत शिरला नि मडकं जड झालं. अजून जड. बुडातनं ओघळ सुटला, कोपरापर्यंत गरम. "ई!" पुसायला थांबला, तर आधीच कुणीतरी पुसलं. जिभेनं! गाईच्या जिभेसारखी खरखरीत!

तेवढ्यात मागनं ठकूचा आवाज. "म्हाळबा, दे इकडं, बघते." बिचारा द्यायला वळला. तिच्या हातात कंदील नाही. आणि पावलं? उलटी! लुगडं कमरेखाली भिजून चिकटलेलं, त्याला सडक्या रक्ताची दुर्गंधी. अळवंत होती ती, बाळंतपणात गेलेली बाई. तिनं मडक्यात हात घातला, चाचपलं, बोटं चाटली. हसली!

"अपुरी आहे रे. तुकडा अनसाच्या पोटातच राहिला. माझ्याही राहिला होता. ठेव इथं, बस माझ्यापाशी. सकाळपर्यंत अनसाही येईल."

तेव्हा ह्याचं काळीज हललं. मडकं ओढलं, तर तिनंही ओढलं. फुटलं! मग त्या शेंबडाला भिणाऱ्यानं काय करावं? ती वार मातीतनं दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली नि पळाला! मानेवर गार श्वास. तोंडात तिचे चिकट केस. उंबऱ्यात पाय पडला नि पाठीवरचा सदरा टरकन फाटला.

घरात गोधडी रक्तानं भिजलेली. ठकूनं वार धुतली, कंदिलाशी उलगडली. कडेला बोटभर खाच. "गाडी जुंप! दवाखाना गाठ!" पहाटे डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा काढला. अनसा वाचली. पोरीला आईचं दूध मिळालं.

शेवरीच्या पाणंदीत रात्री पाऊल टाकू नका, सांगून ठेवते. आणि किळस आली तरी, बघितल्याशिवाय वार पुरू नका. पाणंदीतल्या त्या बाईच्या वेळी कुणी कंदील धरला नव्हता.