आठ दिवसांचा प्रश्न

बसा, सगळे बसा. मागे खुर्च्या आहेत. मुखेडहून, लोह्याहून तुम्ही मुलांना घेऊन आलात. ते किती अवघड असतं, हे इथं वेगळं सांगायला नको. मी आपल्या दिव्यांग मुलांच्या पालक गटाचा अध्यक्ष, म्हणून मला बोलायला उभं केलंय. शकुंतलाताईंबद्दल चार चांगले शब्द बोलावेत, अशी तुमची अपेक्षा असेल. मला आधी दुसरं सांगायचं आहे.

ताई जाऊन आज नऊ दिवस झाले. त्यांची लेक आरती बावीस वर्षांची आहे. घरात त्या दोघीच. तिला चालता येत नाही, बोलता येत नाही. परक्याच्या हातानं ती जेवत नाही. हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

माझा ओंकार चार वर्षांचा होता तेव्हा मी पहिल्यांदा इथं आलो. आलो म्हणजे जिन्यात उभा राहिलो. लाज वाटत होती. ताई आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "सर, आत या. भाईर उभं ऱ्हाऊन लेकरू बदलत न्हाई. चा तेवढा थंड होतो." मी आत गेलो.

पुढं मी अध्यक्ष झालो आणि एक नियम केला. 'आपल्यानंतर काय' हे बैठकीत बोलायचं नाही. कारण होतं. तो विषय निघाला की सगळी बैठक रडायची. एक वडील त्यानंतर परत आलेच नाहीत. मी म्हटलं, भीती घरी ठेवून यायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. ताईंनीही.

मागच्या वर्षी श्रावणातल्या बैठकीत ताई उठल्या. "सर, मी नसल्यावर आरतीला कोन..." एवढंच झालं. मी हात वर केला. "ताई, नियम!" सगळे हसले. ताई म्हणाल्या, "हाव सर, चुकलं. मग आज भजे कोन तळून राहिलं, ते तरी इचारू का?" पुन्हा हशा. त्या खाली बसल्या. आम्ही शाळेच्या गाडीचा विषय घेतला.

ताईंचे भाऊ भीमराव समोर बसलेत. बिलोलीहून आलेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. ताईंच्या छातीत गाठ होती. लातूरला ऑपरेशन ठरलं होतं. आठ दिवस दवाखान्यात राहायचं होतं. भीमरावांच्या घरी आरती घास घेत नाही. म्हणून ताई उठल्या होत्या. त्या मरणानंतरचं विचारत नव्हत्या. आठ दिवसांचं विचारत होत्या.

भीमराव म्हणाले, "मी आक्काला म्हनलो, इचारलीस का गटात? तर म्हनली, सरांचा नियम हाय. चांगला नियम हाय, मोडायचा न्हाई."

ऑपरेशन पुढं ढकललं. मग आणखी पुढं. तोवर गाठ पसरली. आणि ताई दर बैठकीला येत होत्या. नवी आई रडायला लागली की आम्हीच म्हणायचो, ताईंजवळ बसवा तिला. ताईंना कुणाजवळ बसवायचं? आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

आरती माझ्या बायकोच्या, सुनीताच्या हातानं जेवते. गटाच्या सहलीत दोनदा जेवली होती. आठ दिवस ती आमच्याकडे सहज राहिली असती. आता ती आमच्याच घरी आहे. जेवते. जेवताना दाराकडं बघते. पुढचं भीमराव आणि आम्ही मिळून ठरवतो आहोत.

भीमराव मला म्हणाले, "तुमाला कसं ठाऊक असनार, सर?" त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं. मला ठाऊक झालं असतं, भाऊ. एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर ठाऊक झालं असतं.

अशा सभेच्या शेवटी उभं राहून मौन पाळतात. मला ते मागता येत नाही. एकदा मागितलं होतं. ताईंनी पाळलं. तेव्हा आज उठू नका. ज्याच्या पोटात जे आहे, ते बसल्या जागी बोला. आठ दिवस हवेत, एक दुपार हवी, नुसती भीती वाटते, काहीही. कुणी हसणार नाही. कुणी हात वर करणार नाही.

ताई, तुम्हाला जयभीम.

सुरुवात मी करतो. ओंकार आता माझ्यापेक्षा जड झालाय. परवा अंघोळीला उचलताना माझे हात सुटले. त्याला लागलं नाही. मी हे घरातही कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.

आता तुम्ही बोला.