गोंधळाआधीची गोळी

चहा नको, विहीणबाई — कन्नडहून एवढ्या उन्हात यष्टीनं का आले, ते आधी ऐका. सोमवारी तुमच्याकडं जागरण-गोंधळ, आन त्याच दिवशी माझ्या सत्यशीलाची पाळी येणार, म्हणून तुम्ही तिला पाळी पुढं ढकलायची गोळी देणार म्हणं. देऊ नका. का? तिला — पित्त होतं. तोंड वाकडं करू नका. मला सांगा, खंडोबाला बायका किती? दोन. तुमचंच नाव म्हाळसा, आन दुसरी आमच्यासारखी मेंढरांमागची बानू. दोघींसंगं नांदला देव, त्याला पाळी ठाव नाय व्हय? दार कशाला लावता? ऐकू द्या साऱ्या पुंडलिकनगराला!

माझी थोरली बहीण आवडा — महालक्ष्म्यांना सासूनं तिला ह्याच गोळ्या दिल्या. पिंडरी सुजली, मग छातीत कळ; पुरणाचं पातेलं उतरवता उतरवता खाली बसली, ती उठलीच नाय. लोक म्हणले, देवीचा कोप. कोप डोंबलाचा! पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, ती फुफ्फुसात जाऊन अडकली. मला कसं ठाव? मला झाली ना तशीच गुठळी — हा पाय बघा, बघा की, लाजता काय, वांग्यावानी झालाय. डाक्टर म्हणला, बाई, तुमच्या रक्ताला गोठायची खोड हाय, घराण्यातून येती, असल्या गोळ्यांनी लई चेकाळती. लेकीचं रक्त तपासा. तपासलं. निघाली तिच्यातबी — आमच्या घराण्यात बायकांच्या नावावर जमीन कुणी केली नाय, ही खोड मात्र बिनबोभाट नावावर झाली! कधी तपासलं म्हणता?

लग्नाआधी.

हां, लपवलं. सांगितलं असतं तर सुपारी फोडली असती का तुम्ही? तुमचा बिभीषण वाळूजला कंपनीत कायम, पोरगी त्याच्यावर जीव टाकती — बसले गप. पोरीलाबी नाय सांगितलं. अंगात रक्त कमी हाय का बघतेत म्हणलं. आता सोयरीक मोडा, शिव्या द्या, पर ती गोळ्यांची पट्टी आणा इकडं.

ही व्हय? ह्यातल्या चार कुठं हायेत?

विहीणबाई, चार गोळ्या कुठं गेल्या?

सत्यशीले! बाहेर ये. पाय दाखव — दोन्ही. पिंडरी दुखती? कालपासून? आन मला फोनवर बोलली नाय व्हय — चप्पल घाल. साडी राहू दे, हाय तीच बरी. दारातून सरका, विहीणबाई. देवाला सांगा, सून दवाखान्यात गेलीया.