वाराच्या दिवशी वाजलेलं दार

गुणाबाई : थांबा वो वकीलबाई. ह्यो मगाचा इंग्रजी शबुद पुन्ना वाचा. काय म्हंतोय त्यो?

प्रियदर्शनी : 'लाऊड'. म्हणजे मोठा. त्याच्यापुढे 'डेफनिंग', कान बधिर करणारा. "शेजारच्या बंद खोलीतून दार बडवल्याचा कान बधिर करणारा आवाज मी ऐकला." उद्या बेळगावच्या कोर्टात तुमची हीच जबानी.

गुणाबाई : खोडा ते.

प्रियदर्शनी : मावशी, असं लिहिल्याशिवाय जोर येत नाही. अबोलीला पाचवा महिना होता. माहेरी फोन केला म्हणून विक्रमनं कोंडून घातलं आणि घरातली सगळी देवळाकडे गेली. रक्त गेलं, मूल गेलं. आता तो म्हणतो, कडी लावलीच नव्हती, बायको झोपली होती. तुमच्याशिवाय आहे कोण तिला?

गुणाबाई : कडी ह्याच हातानं काढली मी. त्ये सांगनारच. पर आवाज मोठा न्हवता.

मष्णू : बगा! बायको माझी, पर तिचं तिलाच नक्की न्हाय. सोडा की ह्यो नाद, बाई. विक्रम भावकीतला आमच्या. जत्रंत देवीच्या गाड्याम्होरं, रथाम्होरं, त्यांचा मान. ही उद्या कोर्टात हुबारली की जत्रंला आमच्या दारात कुत्रंबी यायचं न्हाय.

गुणाबाई : बरं हुईल. तेवढाच स्वयपाक वाचंल. तुमी च्या प्या, निवतोय.

मष्णू : मीबी सोप्यातच हुतो की त्या दिवशी. मला न्हाय आयकू आलं काय.

गुणाबाई : तुमाला मी हाक मारल्यालीबी आयकू येत न्हाय.

प्रियदर्शनी : पण मावशी, मोठा नव्हता म्हणजे? जीव जायची वेळ आली तर माणूस दार फोडेल.

गुणाबाई : मंगळवार हुता. वार.

प्रियदर्शनी : वार म्हणजे ते जत्रेआधीचे? आमच्या अनगोळात आजी सांगायची. मी काही पाळलेले नाहीत.

गुणाबाई : जत्रा जवळ आली की मंगळवार-शुक्रवार गाव गप बसतंय. नांगर न्हाय, उखळ न्हाय, फोडनी न्हाय. मिक्सर न्हाय का टीव्ही न्हाय. देवी फिरतीया म्हनं, तिच्या कानाला खडखड लागू ने. आनि अबोली? लई नेमाची पोर. सासूनं पयल्याच वर्षी दम भरल्याला, वार मोडलास तर घरावर येतंय. त्ये मनात धरून बसली. आत लुगडं भिजतंय, आनि ही बोटाच्या पेरानं दार वाजवतीया. हळू. देवीला तरास नगं म्हनून.

प्रियदर्शनी : …देवा.

गुणाबाई : देवाचंच नाव घेऊन बोंबलली असती तर पोर वाचलं असतं. आता तुमी मोठा आवाज लिव्हा. त्यांचा वकील आळीतल्या धा जनांस्नी हुबं करंल. आवाज आल्ता? न्हाय. खरंच बोलतील सगळी. मग खोटी कोन पडली? मी. आनि माझ्यासंगं ती.

प्रियदर्शनी : हं. हे माझ्या लक्षातच आलं नाही. बरं, 'लाऊड' खोडलं. मग 'क्लॅमरस'? गलका, गोंगाट.

गुणाबाई : त्यो जत्रंत.

प्रियदर्शनी : 'स्ट्रायडंट'. कर्कश.

गुणाबाई : ती तिची सासू.

मष्णू : हे मातर खरं हाय हां.

प्रियदर्शनी : काका, तुम्ही पण? 'अर्जंट'?

गुणाबाई : आर्जंट तर मानसं फोटू काढून घेत्यात. घाईचं न्हवतं त्ये. घाई सरून गेल्ती. दाव्याचं वासरू कसं असतंय, गाय लांब गेली, दिसंना झाली, तरी मान तिकडंच. हंबरायचं बळ न्हाय, पर दावं ढिलं सोडत न्हाय. तसं.

प्रियदर्शनी : एक शब्द आहे. 'इन्सिस्टंट'. थांबत नाही, सोडत नाही. मोठाच असेल असं नाही.

गुणाबाई : त्येच्यात रडनं येतंय?

प्रियदर्शनी : नाही.

गुणाबाई : मग बराबर. ती रडत न्हवती.

प्रियदर्शनी : पण इतका हळू होता, तर तुम्हाला कसा ऐकू आला? हे ते विचारणारच.

गुणाबाई : वार म्हनूनच. हाताला काम न्हवतं, दोन घरांच्या मधल्या भिंतीला टेकून बसल्ती. दुसरा कुटला दिवस असता तर माझ्याच भांड्यांच्या आवाजात तिचं दार बुडालं असतं. मला आदी वाटलं, पाल हाय. मग वाटलं, पाल एवढा येळ कुनाची वाट बगती?

प्रियदर्शनी : जज्जसाहेब म्हणतील, वाजवून दाखवा.

गुणाबाई : दावते की. असं.

(गुणाबाई बोटाच्या पेरानं भिंतीवर वाजवू लागते. थांबत नाही.)

प्रियदर्शनी : कळलं, मावशी… मावशी, कळलं.

मष्णू : बास गं.

गुणाबाई : मोठ्यानं कुटं वाजवतीया? तुमाला तर आयकूच येत न्हाय.

मष्णू : बास म्हनलं न्हवं.

गुणाबाई : ती काय बास झाली न्हाय. कडी निघंपत्तुर.

प्रियदर्शनी : काका, बसा. काय झालं? पाणी देऊ?

मष्णू : पानी नगं. …वकीलबाई, उद्या आमच्या गुंजीतनं सकाळच्या गाडीनंच जायाचं न्हवं? मीबी येतो. हिच्या मागं बसतो.

गुणाबाई : आनि जत्रा? भावकी?

मष्णू : ते बगू. तू आदी हात काढ भिंतीवरचा.