खडखड गेली आणि

तुम्ही हसणार, पण सांगतो. इथे ओमानात, निझवा गावात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. माझी जुनी गाडी त्यावरून अशी खडखडत यायची की ते ऐकून बायको चहाचं आधण ठेवायची.

यंदा म्हटलं, गॅरेज नको, आपणच बघू. जॅक लावून पुढचं चाक दोन्ही हातांनी हलवलं, तर ते पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं. स्टिअरिंगचे जॉइंट झिजले होते. सुट्टीच्या दिवशी घाम गाळून नवे बसवले, अलाइनमेंट करून आणली, खडखड खलास.

त्याच आठवड्यात ऑफिसातून आलो. स्पीडब्रेकरवर गाडीने हूं की चूं केलं नाही. छाती फुगवून दार उघडलं, तर बायको पाठमोरी उभी राहून डोंबिवलीला आईशी फोनवर बोलत होती.

"अगं, ह्यांनी स्वतः स्टिअरिंग खोललंय. मी आता भाजीलासुद्धा चालत जाते. ह्यांना सांगितलंय, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

मी बूट न वाजवता मागे फिरलो, गाडीत जाऊन बसलो आणि लांबलचक हॉर्न दिला.

आता रोज देतो. चहा तरी वेळेवर मिळतो.