लोहचुंबकाला चिकटलेला गाळ

दवाखान्यात दुसऱ्यांचं बोलणं ऐकत बसू नकोस, काळजी घरी येते, असं आई बजावायची. मी ते हसण्यावारी न्यायचे. काल बाळाच्या लशीसाठी बसले होते. मागच्या बाकावर एक बाई आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारा तिचा दीर.

“भावजी, हा गाळ बघा. पाण्यात पडलेले खिळे वेचायला ह्यांनी लोहचुंबक फिरवलं, तर गाळच चिकटला! खिळा एकही नाही.”

“म्हणून बरणीत भरून दवाखान्यात आणलात? धन्य आहात, वहिनी.”

“माझं तर डोकंच चालेना. खिळे विरघळले की काय?”

“खिळे नाही विरघळले. साचलेल्या पाण्याच्या तळाशी हवा नसते. तिथले जंतू गंधकाचा वायू सोडतात. तो गाळातल्या लोखंडाला भेटला की असे लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण तयार होतात. ग्रेगाइट म्हणतात. दादाने कुठून काढला?”

“मासे पाळतात तिथल्या बंद टाकीतून. आत उतरून.”

“सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल.”

“उतरल्याबरोबर येतो, मग जातो म्हणे. वास गेला की वायू संपला, मग हे निवांत काम करतात.”

“वायू संपत नाही, वहिनी, नाक बधिर होतं! दादा आत्ता कुठे आहे?”

“टाकीतच. वास गेला म्हणून मघाशीच फोन आला होता. असं काय बघताय?”

“वर कोण आहे?”

“कुणीच नाही. भावजी, मला नीट सांगा ना!”

“तो वायू माणूस मारतो, आधी उठा. फोन लावत राहा.”

दोघं धावतच बाहेर पडली. पुढचं मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाचं माणूस आज अशा टाकीत उतरलं असेल, तर त्याला आत्ताच हाक मारून बघा.