फेब्रुवारीतली नऊ पुस्तकं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, नगर परिषदेच्या प्रमुख सिनिक्का राउतिओ, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारा सत्कारमूर्ती एस्को, आणि कॉफी गार होतेय म्हणून माझ्याकडे रोखून बघणारे माझे सगळे सहकारी,

मी राइली. सव्वीस वर्षं आपल्या फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते आणि पुस्तकंही देते. एस्कोबद्दल चार चांगले शब्द बोल, असा मला आदेश आहे. ते बोलतेच. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला बर्फ तुडवत पहिला पोचला तो एस्को. दर शनिवारी आमच्या घरच्या सौनात, त्या कोंडलेल्या वाफेत, घाम गाळून माझ्या नवऱ्याशी राजकारणावर भांडणाराही तोच. वाचनालयाचे सगळे आकडे त्याच्या हाती. मी दर महिन्याला प्रत्येक थांब्यावरची पुस्तकं मोजून त्याला कळवायची आणि निश्चिंत व्हायची. का नाही होणार?

मागे पडद्यावर दिसतोय तो त्याचाच चार्ट. परिषदेपुढे मार्चमध्ये ठेवला होता तो. सतरा थांबे, सतरा निळे खांब. सुरेख! आजच्या कार्यक्रमासाठी म्हणून काल दुपारी मी ती फाईल उघडली. बाजूला एक छोटा चौकोन होता, त्यात लिहिलेलं, दहाच्या खालचे आकडे दाखवू नका. त्यावरची खूण मी काढली. आताही काढते. बघा.

तेवीस झाले ना? शेवटचा तो बुटका खांब हौकिनिएमीचा. फेब्रुवारीत तिथे नऊ पुस्तकं गेली.

मी तडक त्याच्या खोलीत गेले. म्हटलं, "एस्को, हे काय रे?"

"अगं, बारकी बारकी नावं आली की चार्ट गचाळ दिसतो. कुणी वाचत नाही मग."

"आणि ते सहा थांबे?"

"वगळले गं. खोडले थोडेच?"

सिनिक्काबाई, मार्चच्या बैठकीत तुम्ही विचारलं होतंत, "हौकिनिएमीला वाचक दिसत नाहीत, खरं का?" मी त्या वेळी गाडीवर होते. एस्को तुमच्या शेजारीच बसला होता. इतिवृत्तात त्याचं उत्तर नाही, कारण त्याने ते दिलंच नाही. तुम्ही सहाही थांबे बंद करायचं ठरवलंत. तुम्हाला दोष कसा देऊ? तुमच्यापुढे ते आलेच नव्हते.

हौकिनिएमीची हिल्या सत्त्याऐंशी वर्षांची आहे. मोठ्या अक्षरांची पुस्तकं वाचते, आणि आमची वाट बघत काठी टेकून रस्त्यावर उभी असते. त्या फेब्रुवारीत मी नऊ पुस्तकं नोंदवली, तर म्हणाली, "राइली, माझ्या नावावर अजून एक टाक की. वाचणार नाही मी, पण दहा बरी दिसतील तुमच्या साहेबांना."

मी तिला हसून म्हटलं, "वाचायचं नाही तर कशाला नेतेस? आणि तिथे एस्को बसलाय. तो एकही पुस्तक वाया जाऊ देणार नाही."

एस्को, हे मी तुझ्या भरवशावर बोलले रे. तू माझा विश्वासघात केलास. पाठीमागे बोलायची मला सवय नाही, म्हणून भर सभेत तोंडावर सांगतेय. एक शब्द बोलला असतास तरी पुरे होतं.

असो. केक कापायचा आहे. संयोजकांचे, केक करणाऱ्या पाइवीचे आणि इतका वेळ गप्प बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. प्रसंग न ओळखता बोलले असेन, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. गाळून बोलायला मी शिकले नाही.

आणि एस्को, उद्यापासून तू मोकळा आहेस. मंगळवारी हौकिनिएमीची शेवटची फेरी आहे, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी निघते. माझ्या शेजारची जागा तुझ्यासाठी ठेवते. हिल्या रस्त्यावर उभी असेल. किती पुस्तकं कमी पडली, ते तिला तूच सांग.